एकशे बारा पुड्या

स्टोकमार्कनेसच्या दवाखान्यातून
एकशे बारा पुड्या घेऊन आला आयविंद.
सोळा आठवडे, रोज एक, कोमट पाण्यात,
न्याहारीच्या आधी.
पुडीत मासा असेल, किंवा दूध.
कुठलं, ते त्याला सांगायचं नाही.
देणाऱ्या मुलीलाही ठाऊक नाही,
ठाऊक आहे ते दूर ट्रॉनहाइममधल्या
एका बंद पाकिटाला.

मला हसू आलं.
एकोणतीस वर्षं मी फॅक्टरीत पट्ट्याशी उभी होते.
हेरिंग यायची, कल्ल्यामागून सुरी फिरायची,
मांस बर्फावर, परदेशी जायला,
आणि डोकं, कणा, कातडी, शेपूट
खालच्या भोकातून घमेल्यात.
घमेलं कुठे जातं, कुणी विचारलं नाही.
आज ते परत आलंय माझ्या ओट्यावर,
पांढरंशुभ्र, चमचाभर,
शाळेत जाऊन आल्यासारखं.

मुलगी सांगत होती (तिचं नाव सिल्यू, नखं कुरतडलेली):
पाचक रसात मुरवतात, साखळी तुटते,
कड्या सुट्या होतात.
त्यातल्या काही पित्ताला धरून बाहेर नेतात,
मग यकृत नवं पित्त करायला
रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं.
सुंभ तुटला तरी पीळ कामाला येतो,
असं मी मनाशी म्हटलं.
उंदरांमध्ये दिसलंय, ती म्हणाली.
माणसांचं अजून नक्की नाही.

आणि हा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस?
आयविंदने तो शब्द काटा काढावा तसा
तोंडातून बाहेर काढला.
तिने खिडकीतून धक्क्याकडे पाहिलं.
‘गंज,’ म्हणाली. ‘आतला.’

ते त्याला कळलं.
चाळीस वर्षं बोट खरवडलेला माणूस.
त्याला माहीत आहे की
लोखंड समुद्र खात नाही, हवा खाते,
समुद्र फक्त दार उघडून देतो.
त्या रात्री तो आपल्याच मनगटाकडे
बराच वेळ बघत बसला.

डिसेंबरात सूर्य नव्हता.
पेला ढवळल्याचा आवाज म्हणजे सकाळ.
‘मासा आहे,’ तो म्हणायचा. दुसऱ्या दिवशी, ‘दूध.’
जन्मभर नुसत्या वासावर
हेरिंगचा थवा ओळखणारा माणूस
पेल्यात नाक घालून हरला.
शेवटी मांजराला विचारलं.
स्कोरेने पेला चाटून लख्ख केला.
‘बघ, मासाच!’
मी बशीत दूध ओतलं.
तेही तिने चाटून लख्ख केलं.

लेइडुल्फचं नाव आम्ही काढत नाही.
त्याचा धाकटा भाऊ, अठ्ठावन्नाव्या वर्षी
सुकाणूवर डोकं टेकून गेला,
आणि बोट तशीच चालत राहिली,
सरळ, शहाण्यासारखी,
बंदराच्या तोंडापर्यंत.
त्याच्या रक्तातला आकडा कुणी कधी काढलाच नव्हता.
आयविंदचा निघाला. सहा पूर्णांक नऊ.

मे महिन्यात पाकीट उघडलं.
ज्यांना मासा मिळाला त्यांचा आकडा
जरासा उतरला. जरासाच.
मोठा अभ्यास लागेल, असं पत्रात होतं.
आयविंदला दूध मिळालं होतं.
त्याचाही उतरला, आणि जास्त.
सिल्यू फोनवर म्हणाली, असं होतं कधी कधी,
का ते सांगता येत नाही.

मला सांगता येतं.
पहिल्याच पानावर ठळक छापलं होतं,
रोजचा आहार बदलू नका.
आणि मी पहिल्याच आठवड्यात
त्याच्या पावावरचं लोणी पातळ केलं,
मग आणखी पातळ,
बटाट्यात तर घालणंच सोडलं.
त्याला वाटलं, वय झालं, चव गेली.

बाहेर तो बोट खरवडतोय.
लाल चुरा त्याच्या भुवयांवर बसलाय
आणि ऊन इतकं, की रात्रीचे अकरा वाजलेत
हे खरं वाटत नाही.
सकाळी मी दवाखान्याचा नंबर फिरवला.
आमच्याकडून तुमचा एक आकडा बिघडलाय, म्हणाले.
सिल्यू रागावेल असं वाटलं होतं.
पलीकडे कागद उलटल्याचा आवाज झाला.
‘रोज किती ग्रॅम कमी केलं,’ तिने विचारलं,
‘आठवतंय?’